पाव्हाजोच्या साठ पेट्या

लोणी घेताना जिनेत ब्रोसो आधी त्यात अंगठा रुतवायची. खड्ड्यात पाण्याचा थेंब साचला, तर लोणी परत. तिची आई नाँतच्या बाजारात तीस वर्षं लोणी विकत बसायची. लोण्यात पाणी कसं मुरवतात, वजन कसं वाढवतात आणि गिऱ्हाइकाशी तेव्हा कुठल्या विषयावर बोलतात, हे सगळं जिनेतनं सातव्या वर्षीच पाहून ठेवलं होतं. आईनं तसं कधी केलं नाही, पण शेजारच्या ठेल्यावर काय चालतं ते ती मुलीला डोळ्यांनी खुणावून दाखवायची. पुढे जिनेतनं लग्न केलं, लवार नदीच्या काठावरची सासऱ्यांची खाणावळ चालवायला घेतली, नवरा गेल्यावर एकटीनं सांभाळली. वयाची साठी उलटली, तरी अंगठ्याची ती सवय काही गेली नाही. अंडी ती पाण्यात सोडून बघायची. मासे आणणाऱ्या कोळ्याशी बोलताना तिची नजर त्याच्या तोंडाकडे नसायची, माशाच्या डोळ्याकडे असायची. गावातले लोक तिला मागे ‘जकातनाका’ म्हणायचे. ते तिला ठाऊक होतं आणि त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

अशा बाईच्या खाणावळीबाहेरच्या फळीवर पदार्थांच्या नावांखाली एकाच माणसाचं नाव होतं: ‘मस्कादे, रेमाँ पाव्हाजो यांच्याकडची’. मस्कादे म्हणजे इकडची पांढरी वाइन, आणि पाव्हाजो ती करणारा बागायतदार. तेही नाव सुखासुखी लागलेलं नव्हतं. नवऱ्यानं, जोएलनं, पाव्हाजोला पहिल्यांदा आणलं तेव्हा जिनेतनं त्याला स्वयंपाकघरात उभं करून दर सहावी बाटली उघडली होती. पाव्हाजो टोपी हातात धरून उभा राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की उघडलेल्या बाटल्या आजच संपवा. असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी तिनं त्याचं नाव फळीवर लिहिलं. तेव्हापासून एकतीस वर्षं, दर एप्रिलमध्ये, मागच्या दारानं साठ पेट्या यायच्या. दोघं अजून एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणायचे. पाव्हाजो कधी पुढच्या दारानं आत आला नाही आणि तिनंही कधी बोलावलं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी हिमकडाका पडला. द्राक्षवेलींचे कोवळे कोंब दोन रात्रींत काळे पडले. लवारपासून सेव्र नदीच्या खोऱ्यापर्यंत कुणाची निम्मी, कुणाची पाऊण बाग गेली. या वर्षी वसंतात सगळ्याच खाणावळींत रड सुरू झाली. पलीकडच्या पुलाजवळच्या मालकिणीला शंभरऐवजी तीस पेट्या मिळाल्या. कुणाला दहा, तर कुणाला नुसतंच ‘पुढच्या वर्षी बघू’.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नेहमीच्या मंगळवारी, पाव्हाजोची गाडी मागच्या दाराला लागली. साठ पेट्या. एकही कमी नाही.

जिनेतची नणंद आर्मेल वाढपाचं काम बघायची. तिनं पेट्या पाहून हात जोडले आणि देवाचे आभार मानले. जिनेतनं पेट्या दोनदा मोजल्या. पाव्हाजोला तिनं हिमकडाक्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, हो, वाईटच झालं, पण तुमचं तुम्हाला मिळालं ना. मग घाईनं गाडीत बसून निघून गेला. एरवी तो कॉफी घ्यायचा. त्या दिवशी घेतली नाही. जिनेतच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं पहिली बाटली काढून खिडकीशी धरली. दरवर्षी लेबलावर पाव्हाजोच्या नावाखाली साल असायचं, आणि सालाखाली ‘गाळावर ठेवलेली’ हे शब्द. इकडच्या मस्कादेची सगळी इभ्रत त्या शब्दांत असते. आंबून झालेली वाइन हिवाळाभर आपल्याच गाळावर, त्याच टाकीत, न हलवता ठेवायची आणि वसंतात थेट बाटलीत भरायची. मग ती जिभेच्या टोकाला बारीकशी टोचते आणि कालवांबरोबर घेतली की समुद्राच्या खारटपणाला धार येते. इकडचं कुणीही पोर तुम्हाला हे सांगेल.

या बाटलीवर साल नव्हतं. ते शब्दही नव्हते.

‘छापखान्याची चूक असेल,’ आर्मेल म्हणाली.

‘नेमके तेवढेच शब्द चुकले होय?’ जिनेत म्हणाली.

तिनं घोट घेतला. टोचणी नव्हती. रंगही नेहमीचा नव्हता, किंचित पिवळसर. तोंडात गोलाई होती, जणू कुणी कडा घासून काढल्या होत्या. त्या दुपारी तिनं नोआरमुतिए बेटावरून आलेली कालवं उघडली आणि दोन गिऱ्हाइकांना ती वाइन दिली. दोघांनी अर्धा-अर्धा पेला ठेवून दिला. एकानं विचारलं, मादाम, आज लिंबू जास्त मिळेल का. तीस वर्षांत पाव्हाजोच्या मस्कादेबरोबर कुणी जास्तीचं लिंबू मागितलं नव्हतं.

मग तिनं सॉस करून बघितला. समुद्रातून नदीत चढणारे काटेरी आलोज मासे त्या आठवड्यात आले होते आणि त्यांच्यावर लोण्याचा पांढरा सॉस हे तिचं हुकमी पान होतं. बारीक चिरलेले लहान कांदे, वाइन आणि व्हिनेगर मंद आचेवर आटवायचं, चमचाभर उरलं की थंड लोणी तुकड्या-तुकड्यानं घोटत जायचं. प्रमाण तिच्या हातात बसलेलं होतं. लोणी फुटलं नाही, सॉस दाटही झाला, पण चव सपक राहिली. आंबटपणाचा जो कणा असतो तो नव्हता. तिनं आणखी व्हिनेगर घातलं, तर तेवढंच वेगळं लागायला लागलं. दर रविवारी कोपऱ्यातल्या टेबलावर जेवणारा निवृत्त नोटरी मोरिसो तोंड पुसत म्हणाला, की आज सॉसचा जीव कुठे गेलाय.

आता खटला उभा राहिला. साल नाही, शब्द नाहीत, टोचणी नाही. बागा करपलेल्या आणि पेट्या मात्र साठ. त्यात जिनेतला आणखी एक गोष्ट आठवली. मार्चच्या अखेरीस चीज आणायला जाताना ती पाव्हाजोच्या फाटकावरून गेली होती, तेव्हा त्याच्या अंगणात स्टीलचा टँकर उभा होता. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता तोच टँकर तिला रोज दिसायला लागला. दक्षिणेत स्वस्त पांढरी वाइन ढिगानं मिळते आणि टँकरमधून कुठेही जाते, हे कुणाला ठाऊक नाही?

ठाऊक नसलंच तर सांगायला फाब्रिस होता. फाब्रिस एका मोठ्या वाइन-व्यापाऱ्याचा फिरता विक्रेता. चकचकीत बूट घालणारा, प्रत्येक वाक्यात ‘आपण’ म्हणणारा. दहा वर्षं तो जिनेतच्या दाराशी यायचा आणि दहा वर्षं ती त्याला दारातूनच परत पाठवायची. या वेळी तिनं त्याला खुर्ची दिली. तो पाव्हाजोबद्दल वाईट एक शब्द बोलला नाही. तो फक्त म्हणाला, की अशा वर्षी ज्याच्याकडे माल कमी पडत नाही त्याचं कौतुकच करायला हवं, नाही का. आणि नमुन्याच्या तीन बाटल्या ठेवून गेला. साल होतं. शब्द होते. टोचणीही होती, आणि त्यापलीकडे काहीही नव्हतं. पण जिनेतनं स्वतःला समजावलं, की निदान ही बाटली जे सांगते तेच आहे.

पुढच्या रविवारी तिनं पाव्हाजोच्या नावावर ओल्या फडक्याचा बोळा फिरवला. फळीवर उरलं, ‘मस्कादे’. मोरिसोनं येता-येता ते पाहिलं आणि विचारलं. जिनेतच्या हातात माशाचं ताट होतं, मनात पंधरा दिवस साठलेलं होतं. ती म्हणाली, की पाव्हाजोंच्या द्राक्षांना हल्ली दक्षिणेचं ऊन लागतंय बहुतेक. टेबलावरचे चौघं हसले. आर्मेल हसली नाही. ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ‘हे तू गमतीत बोललीस खरं, पण मोरिसोच्या तोंडाला टाळं नाही.’

‘खोटं असेल तर पाव्हाजो येऊन सांगेल.’

‘तू विचारलंस का त्याला?’

जिनेत कढईकडे वळली. तिनं कुणालाही कधी सरळ विचारलेलं नव्हतं. जो फसवतो तो विचारल्यावर खरं थोडंच सांगतो? म्हणून तर ती अंगठा वापरायची.

पाव्हाजो आला नाही. मे महिना गेला. फाब्रिसचा दोनदा फोन आला. साठ पेट्या कागदावर घालायच्या का, सही कधी, असं तो गोड आवाजात विचारत होता. जिनेतला शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. एकदा सही केली की व्यापाऱ्याशी तीन वर्षांचा करार, आणि पाव्हाजोचं दार कायमचं बंद. तिनं पेनही काढलं होतं. पण पुरावा पुरा झाल्याशिवाय निकाल द्यायचा, हे तिच्या स्वभावात बसेना. टँकरचं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणून गुरुवारी सकाळी ती न कळवता पाव्हाजोच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

पाव्हाजो वेलींच्या तारा आवळत होता. तिला पाहून त्यानं पक्कड खिशात घातली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

‘या, मादाम ब्रोसो. दक्षिणेचं ऊन बघायला आलात?’

म्हणजे पोचलं होतं. बागायतदारांच्या बैठकीत तिघांनी त्याला विचारलं होतं, म्हणे, की रेमाँ, दक्षिणेत जमीन घेतलीस काय. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही आणि तेच जिनेतला जड गेलं. ती म्हणाली, की मला तुमची टाकी बघायची आहे. कुठली, असं त्यानं विचारलं नाही. तो पुढे चालू लागला.

तळघरात जमिनीतच लोखंडी झाकणं बसवलेली होती. त्यांच्याखाली काचेच्या फरशा लावलेल्या टाक्या, आजोबांच्या वेळच्या. पाव्हाजोनं अगदी भिंतीकडचं, सगळ्यांत लहान टाकीचं झाकण उचललं आणि दिवा दोरीला बांधून आत सोडला. टाकी रिकामी होती. काचेच्या फरशांवर खाली वीतभर उंचीपर्यंत करडा पट्टा उमटलेला होता. जिनेत गुडघ्यांवर बसली आणि वाकून वास घेतला. रात्रभर फुगलेल्या कणकेचा, पावाच्या कवचाचा, आणि तळाशी कुठेतरी ओल्या अक्रोडांचा वास. स्वस्त वाइनचा वास असा नसतो. तिला ते आवडलं नाही, कारण तिच्या खटल्यात हा वास बसत नव्हता.

‘किती वर्षं?’ तिनं विचारलं.

‘सहा.’

‘गाळावर?’

‘सहाही वर्षं. हात लावला नाही.’

चांगलं वर्ष होतं ते, तो सांगू लागला. दोन हजार लिटर बाजूला ठेवली होती. आता अशा जुन्या मस्कादेला, लेबलावर गावाचं नाव असलं की, मोठ्या शहरांत तिप्पट भाव मिळतो, म्हणून पुढच्या वर्षी तशीच विकायचा विचार होता. पण हिमकडाक्यानं बाग घेतली. नवी म्हणून जेमतेम एक टाकी आली, तीही आधीच व्यापाऱ्याला शब्द दिलेली. जुन्या चार गिऱ्हाइकांना काय सांगायचं? त्यानं ही टाकी बाटल्यांत भरली आणि चौघांना वाटली, नेहमीच्या पेट्या, नेहमीच्याच भावानं.

‘मग लेबलावर शब्द का नाहीत?’ जिनेतनं विचारलं. तिचा स्वर अजून तपासणीचाच होता.

पाव्हाजोनं तिच्याकडे पाहिलं. ‘तुम्हाला नियम ठाऊक नाही? ते शब्द छापायचे तर एका हिवाळ्यानंतर, पुढच्या वर्षाच्या अखेरीच्या आत भरावी लागते. मी सहा वर्षं ठेवली. सगळ्यांपेक्षा जास्त गाळावर राहिली, म्हणून मला तसं म्हणायला बंदी. आणि नुसतं साल छापून ठेवलं असतं, तर लोक म्हणाले असते की पाव्हाजो न खपलेली जुनी वाइन खपवतोय. म्हणून दोन्ही गाळलं.’

जिनेत गुडघे झटकून उठली. मग विचारलं, ‘आणि टँकर?’

तो आत गेला आणि एक पावती घेऊन आला. टँकर काही टाकायला आलेला नव्हता, न्यायला आलेला होता. दारू गाळणाऱ्या कारखान्याचा तो टँकर गावभर हिंडून टाक्यांच्या तळाचा गाळ गोळा करतो. पावतीवर तारीख होती, वजन होतं, शिक्का होता. जिनेतनं ती दोनदा वाचली. तारीख जुळत होती.

‘तुम्ही सांगायचंत,’ ती म्हणाली. ‘एक ओळ लिहून दिली असतीत तर एवढं झालं नसतं.’

‘सांगायचं काय? एकतीस वर्षं तुम्ही माझी वाइन चाखताय. वाटलं, पहिल्या घोटाला कळेल तुम्हाला. मला गंमत वाटत होती, की आता फोन येईल, जकातनाका विचारेल, पाव्हाजो, ही कधीची?’ मग त्यानं विचारलं, ‘कशाबरोबर दिलीत?’

‘कालवांबरोबर.’

पाव्हाजोनं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. ‘सहा वर्षांची, अन् कालवांबरोबर.’

जिनेतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण जीभ लावायच्या आधी लेबल वाचलं होतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मग जिभेनं तेवढंच शोधलं जे नव्हतं. जे होतं त्याच्याकडे तिनं लक्षच दिलं नव्हतं. पाव्हाजोनं एक बाटली उघडली, दोन पेले ओतले आणि काल उरलेली, साईत शिजवलेली कोंबडी एका ताटलीत आणून ठेवली. गार होती, साय गोठलेली होती. तिनं एक घास खाल्ला आणि वर घोट घेतला. वाइननं साईचा चिकटपणा हळूच धुऊन नेला आणि मागे एक कडसर, खारट रेघ ठेवली. तिनं दुसरा घास घेतला. स्वयंपाकघरात आणखी काय-काय आहे याचा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. वासराचं मांस, अळंबी. माशाला हवीच असेल तर नदीतला ब्रोशे मासा, त्याचं मांस घट्ट असतं. सॉस मात्र फाब्रिसच्या कोवळ्या वाइनमध्ये आटवायचा आणि ही पेल्यात द्यायची. वेड्यासारखं मी हिलाच आटवून टाकलं.

पण एक काटा राहिलाच. जिला तिप्पट भाव मिळाला असता ती वस्तू कुणी नेहमीच्या भावानं का द्यावी? निव्वळ चांगुलपणावर जिनेतचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता. जोएलच्या चांगुलपणावरही नाही. तिनं तसं सरळ विचारून टाकलं. तपासणीच्या स्वराशिवाय, आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

‘तुम्ही एक वर्ष दुसऱ्याची घेतली असतीत, तर परत माझ्याकडे आला असतात?’ पाव्हाजो म्हणाला.

जिनेतनं विचार केला. ‘नाही.’

‘मग?’

हे तिला समजत होतं. यात कुठे पाणी मुरत नव्हतं. माणसानं स्वतःचं बघितलं होतं आणि त्यात तिचंही झालं होतं. या पायावर ती उभी राहू शकत होती.

तिनं फाब्रिसला फोन केला तो पाव्हाजोच्याच ओसरीवरून. करार नको, फक्त सॉसपुरत्या तीन पेट्या दे, असं सांगितलं. फाब्रिस ‘आपण आपण’ करत राहिला, तिनं फोन ठेवला. मग पाव्हाजोला म्हणाली, की रविवारी जेवायला या. समोरच्या दारानं.

‘लोक बघतील.’

‘म्हणूनच.’

रविवारी पाव्हाजो लग्नाकार्याचा कोट घालून आला आणि मोरिसोच्या शेजारच्या टेबलावर ताठ बसला. जेवणघरातल्या माना वळल्या. बाहेरच्या फळीवर त्याचं नाव परत लिहिलेलं होतं, पण ते पुरेसं नाही हे जिनेतला कळत होतं. आर्मेलकडे ताट न देता तीच बाहेर आली. ब्रोशे, वर सॉस, हातात बाटली. मोरिसोच्या टेबलाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘मुस्यू मोरिसो, त्या दिवशी मी पाव्हाजोंबद्दल बोलले ते खोटं होतं. माझ्या मनचं होतं. ही सहा वर्षं गाळावर राहिलेली आहे आणि मला ओळखता आली नाही. ज्या-ज्या ठिकाणी तुम्ही ते सांगितलंत, तिथे-तिथे हेही सांगा.’

मोरिसो पुटपुटला, की त्यानं कुठे फारसं सांगितलं नव्हतं. कुणीतरी खोकलं. जिनेतचे कान तापले होते. लहानपणी बाजारात आईनं एका खऱ्या गवळ्याला चुकून खोटं ठरवलं होतं, तेव्हा आई घरी येऊन संध्याकाळभर कुणाशी बोलली नव्हती. आपल्याला मात्र अजून तीस पानं वाढायची आहेत, असा विचार करून तिनं ताट पाव्हाजोसमोर ठेवलं.

त्यानं काट्यानं मासा किंचित उचलला, खाली वाकून बघितला, वास घेतला.

‘हा लवारमधलाच ना, मादाम? हल्ली बाहेरचे पण विकतात म्हणे.’

मोरिसोनं काटा खाली ठेवला. जिनेतच्या ओठांवर उत्तर आलं होतं, कोळ्याचं नाव, कुठल्या वळणावर जाळं टाकलं, किती वाजता आणला. तेवढ्यात तिला पाव्हाजोचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

‘लवारमधलाच,’ ती म्हणाली. ‘काल सकाळचा.’

‘बरं,’ तो म्हणाला आणि खायला लागला.

सरळ विचारलेल्याला सरळ उत्तर देणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, कढईखालची आच कमी केली आणि आर्मेलला म्हणाली, की पाव्हाजोला पाव वाढ, सॉस पुसून खायला त्याला लागेल.